चिकित्सालयातील वाय-फाय : अभ्यागतांसाठी स्वतंत्र जाळे

प्रस्तावना



आयुर्वेद व्यावसायिकांच्या त्रैमासिकात वाय-फायवर लेख कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. काही काळापूर्वी आम्हीही हाच प्रश्न विचारला असता. एका दुपारी आमच्याच चिकित्सालयात जे घडले, त्याने आमचे मत बदलले.

वाई येथे एका जुन्या वाड्यात आमचे चिकित्सालय आहे. भिंती दगडमातीच्या व चांगल्या रुंद असल्याने आत भ्रमणध्वनीची रेंज नीट मिळत नाही. पसरणी, बावधन, भुईंज, पाचगणी अशा गावांहून पंचकर्मासाठी रुग्ण येतात. स्नेहन, स्वेदन, बस्ती आटोपेपर्यंत सोबतचे नातेवाईक दोन-तीन तास ओसरीवर बसून असतात आणि साहजिकच वाय-फायचा पासवर्ड विचारतात. रोज सांगण्याचा कंटाळा येऊन आम्ही तो फळ्यावरच लिहून ठेवला होता. त्याच वाय-फायवर आमचा रुग्णनोंदींचा संगणक, औषधी विभागाचा बिलाचा संगणक आणि प्रिंटर जोडलेले होते.

त्या दुपारी एका रुग्णाचा मुलगा ओसरीवर लॅपटॉप उघडून आपले काम करीत होता. थोड्या वेळाने तो आत आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘डॉक्टर, तुमच्या संगणकावरचा ‘रुग्णनोंदी’ हा फोल्डर माझ्या लॅपटॉपवर उघडतोय. मी आतलं काही वाचलं नाही. पण यादीत आमच्या गावातलं एक नाव दिसलं, म्हणून लगेच बंद केलं.’’ फाइलच्या नावातच रुग्णाचे नाव व व्याधी लिहिण्याची आमची पद्धत होती. ते नाव वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी येणाऱ्या एका भगिनींचे होते. आपल्या गावात कोणाला कळू नये, एवढ्याचसाठी त्या जवळचा वैद्य सोडून आमच्याकडे येत असत.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरू शिष्याला जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर जाऊ न देण्याची आज्ञा आहे. आम्ही ती तोंडाने कधी मोडली नव्हती. फळ्यावरच्या पासवर्डाने ती मोडली होती. त्यानंतर जे शिकलो, करून पाहिले व तपासले, ते प्रस्तुत लेखात क्रमाने मांडीत आहोत.

समस्येचे स्वरूप

इंटरनेटची जोडणी ज्या डब्यात येते व जो पुढे वाय-फाय पसरवतो, त्यास राउटर म्हणतात. घरगुती राउटरला जोडलेली सर्व उपकरणे एका कुटुंबातील मानली जातात. त्यामुळे संगणकाला प्रिंटर सापडतो, एका संगणकावरील फोल्डर दुसऱ्यावरून उघडता येतो. कुटुंबात ही सोय आहे. परंतु ओसरीवरील अनोळखी माणसाला तोच पासवर्ड दिला, की राउटरच्या दृष्टीने तोही घरचाच होतो. बैठकीत बसवलेल्या पाहुण्याला माजघराची व तिजोरीच्या खोलीची वाट आपण आपणहून उघडून दिलेली असते.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर हा स्रोतोदुष्टीचा प्रकार आहे. ओसरीवर चार जण एकाच वेळी चलच्चित्रे पाहू लागले, की प्रवाह बेसुमार वाढतो, ही अतिप्रवृत्ती. त्यामुळे औषधी विभागात बिल निघेनासे होते, हा संग. आणि जे बाहेर वाहावयास हवे ते आतल्या संगणकाकडे वळते, हे विमार्गगमन. पहिल्या दोन तक्रारी लगेच ध्यानात येतात. तिसरी मात्र लक्षणांवाचून वाढते, आणि तीच सर्वांत घातक आहे.

अन्यत्र घडलेली उदाहरणे

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना नियोजित तपासण्या व शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कोणी काही उघडले नाही तरी हा विषाणू एका संगणकातून शेजारच्या संगणकात जाई. फोल्डर परस्परांत वाटून घेण्याच्या विंडोजमधील सोयीत जो दोष होता, तोच त्याचा मार्ग होता. त्यावरील दुरुस्ती दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांना फटका बसला.

दुसरे उदाहरण आपल्या देशातील आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि नोंदणीसह पुष्कळसे कामकाज कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले. शासनाने संसदेत दिलेल्या उत्तरात प्राथमिक तपासणीनुसार कारण सांगितले ते असे की, संस्थेच्या नेटवर्कचे विभाजन योग्य प्रकारे केलेले नव्हते. एवढ्या मोठ्या संस्थेत जो दोष घातक ठरला, तोच आपल्या दोन संगणकांच्या चिकित्सालयातही असतो. फरक केवळ आकाराचा आहे.

तिसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपासात तो नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवल्याचे दिसून आले. त्या घरातील रहिवाशाला चौकशीला तोंड द्यावे लागले. पुढील दोन महिन्यांत तशाच प्रकारचे ई-मेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या व एका खाजगी कंपनीच्या वाय-फायवरून पाठवले गेले. यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या. सारांश, आपल्या जोडणीवरून कोणी काय करतो याची पहिली विचारणा जोडणी ज्याच्या नावे आहे त्याच्याकडेच होते.

कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील एप्रिल २०११ च्या नियमांनी शारीरिक व मानसिक आरोग्याची माहिती तसेच वैद्यकीय नोंदी ‘संवेदनशील’ ठरवल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करावयाची आहे. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी उपाय न योजल्यास या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा होय. लहान चिकित्सालयास तेवढा दंड होईल असा याचा अर्थ नाही. परंतु माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीस ती गोष्ट कळवण्याचे बंधन लहानमोठा भेद न करता घातलेले आहे, हे ध्यानात ठेवावे. औषधनिर्मिती करणाऱ्या बांधवांच्या संगणकावर तर याखेरीज बॅचच्या नोंदी, पाठ व खरेदीचे दर असतात. ते विक्री प्रतिनिधीच्या लॅपटॉपवर उघडणे कोणाला परवडेल?

उपाययोजना

येथेही निदानपरिवर्जन हाच पहिला उपचार आहे. वाय-फाय बंद करून टाकण्याची गरज नाही. रुग्णांना रक्कम भरण्यासाठी व घरी संपर्क साधण्यासाठी ते लागतेच. बचनाग, भल्लातक, कुचला ही द्रव्ये आपण औषधालयातून हद्दपार करीत नाही, वेगळ्या कपाटात ठेवतो. तोच न्याय येथे लावावा.

पूर्वकर्म : प्रथम कागदावर दोन याद्या कराव्यात. पहिलीत आपली उपकरणे : नोंदींचा संगणक, बिलाचा संगणक, प्रिंटर, माहितीची प्रत ठेवणारे उपकरण. दुसरीत बाकी सर्व : रुग्ण, नातेवाईक, प्रतिनिधी, विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोन. प्रतीक्षागृहातील दूरदर्शन संचही दुसऱ्याच यादीत घालावा, कारण अशा उपकरणांच्या प्रणालीत सुधारणा क्वचितच केल्या जातात.

प्रकार १ : राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असल्यास

(१) राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आपल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत लिहिला, की राउटरचे व्यवस्थापनाचे पान उघडते.

(२) या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड सर्वप्रथम बदलावा. हा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डाहून वेगळा असतो. तो बदलला नाही तर पुढील सर्व खटाटोप व्यर्थ होय.

(३) ‘गेस्ट नेटवर्क’ हा विभाग उघडून ते चालू करावे. नाव ओळखू येईल असे द्यावे, उदाहरणार्थ ‘अभ्यागत’.

(४) सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार २००१ पासून भेदला गेलेला आहे. तो निवडू नये. पासवर्डाविना खुले जाळे तर कदापि ठेवू नये.

(५) अभ्यागतांना स्थानिक नेटवर्कमध्ये प्रवेश द्यावा काय, अशा अर्थाचा एक चौकोन तेथे असतो. त्यातील खूण काढून टाकावी. संपूर्ण लेखातील सर्वांत महत्त्वाची कृती हीच आहे. अभ्यागतांनी एकमेकांची उपकरणे पाहावीत काय, असाही पर्याय असल्यास तोही बंद करावा.

(६) वेगाची मर्यादा घालता येत असल्यास अभ्यागतांना एकूण वेगाचा तिसरा-चौथा हिस्सा द्यावा. वेळापत्रकाची सोय असल्यास रात्री व सुटीच्या दिवशी हे जाळे आपोआप बंद राहील असे करावे.

(७) आता मुख्य वाय-फायचा पासवर्ड बदलावा. येथे बहुतेकांची चूक होते, आमचीही झाली. आम्ही अभ्यागतांचे जाळे मोठ्या उत्साहाने सुरू केले, परंतु मुख्य पासवर्ड तोच ठेवला. वर्षभरात फळ्यावरून ज्यांनी तो उतरवून घेतला, त्या सर्वांचे फोन ओसरीवर येताच पूर्वीच्याच जाळ्यात आपोआप शिरत राहिले. पासवर्ड बदलल्यावर आपली सर्व उपकरणे पुन्हा जोडावी लागतात. अर्ध्या तासाचे काम आहे; सुटीच्या दिवशी करावे.

(८) बटण दाबून उपकरण जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करावी आणि राउटरच्या अंतर्गत प्रणालीची नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास ती घ्यावी.

प्रकार २ : सेवा पुरवठादाराच्या डब्यात ही सोय नसल्यास

फायबर जोडणीसोबत मिळणाऱ्या अनेक डब्यांत वाय-फायची दोन ते चार नावे देता येतात. ‘दुसरे नाव दिले, म्हणजे जाळे वेगळे झाले’ असे तंत्रज्ञ सांगतात. ते पुष्कळदा खरे नसते. एकाच खोलीला दोन दारे केली म्हणून दोन खोल्या होत नाहीत. अशा वेळी दुसरा राउटर विकत घ्यावा. साधा राउटर पुरतो.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. पुरवठादाराचा डबा बाहेरचा, आपला नवा राउटर आतला. बाहेरच्या डब्याच्या लॅन जागेतून केबल काढून आतल्या राउटरच्या वॅन जागेत लावावी. बाहेरच्या डब्याचे वाय-फाय अभ्यागतांना द्यावे. आपले संगणक व प्रिंटर आतल्या राउटरला जोडावेत. दोहोंच्या पत्त्यांची मालिका वेगळी असावी, बाहेरची १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर आतली १९२.१६८.१० ठेवावी. राउटर आपल्या आतून बाहेर गेलेल्या मागणीचे उत्तर आत घेतो, परंतु बाहेरून आपणहून आलेली मागणी दारातच थांबवतो. म्हणून आतील संगणक सुरक्षित राहतात.

पुष्कळ ठिकाणी नेमके उलट केलेले आढळते. ‘नवा राउटर पाहुण्यांना, जुना आपल्याला’ असे सोपे गणित केले जाते. मग पाहुणा आतल्या राउटरवर असतो आणि तेथून बाहेर जाण्याच्या वाटेवरच आपला संगणक बसलेला असतो. पाहुण्याला तेथे पोहोचण्यास कोणताही अडसर उरत नाही. तसेच नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीने बसवल्यास तो केवळ जुन्या जाळ्याचा विस्तार करतो, विभाजन करीत नाही. तंत्रज्ञाला हे दोन्ही स्पष्ट विचारावे.

या प्रकारात बाहेरच्या डब्याचे व्यवस्थापनाचे पान अभ्यागतांना दिसू शकते. म्हणून त्याचाही पासवर्ड बदलणे अनिवार्य आहे.

प्रकार ३ : मोठी चिकित्सालये व फार्मसी

दहा-पंधरा संगणक, दोन मजले, आंतररुग्ण विभाग असा व्याप असल्यास ‘व्हीलॅन’ पद्धत अवलंबावी. तीत एकाच केबलमधून अनेक स्वतंत्र जाळी नेता येतात आणि कार्यालय, कॅमेरे व अभ्यागत असे तीन विभाग करता येतात. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. आपण केवळ विभाग कोणते हवेत ते लिहून द्यावे.

जुन्या वाड्यांविषयी एक सूचना. २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय भिंतींतून तुलनेने दूर जाते. ५ गिगाहर्ट्झचे वेगवान, परंतु जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होते. म्हणून ओसरीसाठी पहिले पुरेसे आहे. आतल्या संगणकांना शक्य तेथे केबलच लावावी.

परीक्षण

औषध दिल्यावर उपशय पाहिल्याशिवाय आपण थांबत नाही. येथेही थांबू नये. परीक्षणापूर्वी फोनचा मोबाइल डेटा बंद करावा, अन्यथा निष्कर्ष फसवा निघतो.

प्रथम एखादा लॅपटॉप मुख्य जाळ्यावर जोडून प्रिंटर सापडतो व सामायिक फोल्डर उघडतो याची खात्री करावी. मग तोच लॅपटॉप अभ्यागत जाळ्यावर जोडून तेच पुन्हा करावे. आता इंटरनेट चालले पाहिजे. प्रिंटर सापडता कामा नये. फोल्डर, त्याचा पत्ता थेट लिहूनही, उघडता कामा नये. पहिल्या प्रकारात राउटरच्या व्यवस्थापनाचे पानही उघडता कामा नये. पहिली पायरी गाळू नये. मुख्य जाळ्यावरूनही फोल्डर उघडत नसेल, तर अभ्यागत जाळ्यावरून तो न उघडण्याला काहीच अर्थ नाही. वीजप्रवाह खंडित होऊन राउटर पुन्हा सुरू झाल्यावर, तसेच तंत्रज्ञाने हात लावल्यावर काही वेळा मूळ मांडणी परत येते. म्हणून दर तिमाहीस हे परीक्षण करावे. या त्रैमासिकाचा अंक हाती पडणे हीच त्याची आठवण समजावी.

पथ्यापथ्य

पथ्य : अभ्यागतांचा पासवर्ड महिन्यातून एकदा बदलावा व चिठ्ठीवर द्यावा. संगणकावरील सामायिक फोल्डरलाही स्वतंत्र पासवर्ड असावा. विंडोजच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. नोंदींची एक प्रत संगणकापासून सुटी काढून ठेवलेल्या डिस्कवर असावी.

अपथ्य : मुख्य पासवर्ड ‘एकदाच’ म्हणून कोणासही देणे. कर्मचाऱ्याने आपला फोन मुख्य जाळ्यावर जोडणे. फाइलच्या नावात व्याधी लिहिणे.

मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. विभाजनाने आतील माहिती राखली जाते, परंतु बाहेरच्या जगाला दोन्ही जाळ्यांचा पत्ता एकच दिसतो. अभ्यागताने काही गैर केल्यास विचारणा आपल्याकडेच होणार. पासवर्ड ठेवणे व तो बदलणे याला म्हणूनच महत्त्व आहे. तसेच आपल्याच संगणकावर कोणी संशयास्पद ई-मेल उघडल्यास ओसरीवरची भिंत उपयोगी पडत नाही. तेथे सुटी प्रतच तारते.

उपसंहार

आमचा एकूण खर्च एका राउटरचा व एका रविवारच्या सकाळचा झाला. परंतु त्याआधी एक काम बाकी होते. ज्या भगिनींचे नाव दिसले होते, त्या पुढील आठवड्यात आल्या तेव्हा आम्ही त्यांना सर्व सांगितले. न सांगता भागले असते, हे खरे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही सांगितलंत म्हणून मी येत राहीन. पण माझं सगळं कागदावरच लिहा.’’ त्यांची नोंद आजही कागदावर, कुलपाच्या कपाटात आहे. सर्व उपाय झाल्यावरही ती संगणकावर घ्या, असे त्यांना म्हणण्याचा अधिकार आम्हाला आहे असे वाटत नाही.

आपल्यावर अशी वेळ येण्याआधी पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःशी द्यावीत, ही विनंती.

स्वाध्याय

(१) आपल्या मुख्य वाय-फायचा पासवर्ड शेवटचा केव्हा बदलला? तो आज किती जणांना ठाऊक आहे?

(२) राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच आहे काय?

(३) ओसरीवरून आपला प्रिंटर कोणाच्या फोनवर दिसतो काय? आजच पाहावे.

(४) आपल्याकडे दोन राउटर असल्यास अभ्यागत आतल्यावर आहेत की बाहेरच्यावर?

(५) संगणकावरील सर्व नोंदी उद्या सकाळी नाहीशा झाल्यास सुटी प्रत कोठे आहे व ती किती दिवसांपूर्वीची आहे?